ठिणगी कुठे अडली?

गेल्या वर्षीच्या भाऊबीजेला आमची पद्मिनी खंबाटकीच्या घाटात बसली. बंद पडली असे मी म्हणत नाही, बसली म्हणतो. गाड्याचा बैल चढावर दोनदा मान हलवतो, नाकातून फुसफुसतो आणि मग साऱ्या जगाला रामराम ठोकून खाली बसतो, तशी ती बसली. मागे ट्रकांची रांग, ट्रकांमागे एस. टी.च्या गाड्या आणि त्यांच्यामागे दिवाळीला गावी निघालेले अर्धे पुणे. या सर्वांनी हॉर्नच्या भाषेत आमच्या कुळाचा जो उद्धार केला, तो दिवाळी अंकात छापण्याजोगा नाही.

गाडीत आम्ही तिघे होतो. मी, सौ. आणि अण्णा. अण्णा म्हणजे माझे वडील. वय शहाऐंशी, पाटबंधारे खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त. वाईला त्यांची थोरली बहीण, म्हणजे आमची आत्या, राहते. तिने नव्वदी ओलांडली आहे. अण्णांनी ही गाडी घेतली १९८५ साली. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहण्याचा तो काळ. गाडी दारात आल्यापासून एकही भाऊबीज अशी गेली नाही, की पद्मिनी वाईला गेली नाही.

"बॉनेट उघड," अण्णा म्हणाले. मी उघडले. ते काठी टेकीत पुढे आले आणि डेल्कोचे टोपण काढण्यासाठी त्यांनी हात घातला. गेली काही वर्षे त्यांच्या हाताला कंप आहे. टोपणाची क्लिप काही केल्या सुटेना. दोनदा, तीनदा प्रयत्न झाला. मग त्यांनी हात मागे घेतला आणि रुमालाने पुसत राहिले. हाताला काही लागलेले नव्हते तरी.

तासाभराने सहज म्हणून सेल्फ मारला, तर गाडी मुकाट्याने सुरू झाली! वाईला पोचलो तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. आत्या ओवाळणीचे ताट पुढ्यात घेऊन बसलेली होती. निरांजनातली वात तिने दोनदा बदलली होती.

परत आल्यावर अण्णा म्हणाले, "आठवड्यापूर्वी पॉइंटचा गॅप मीच बसवला होता. चुकला असणार. हे हात आता कामाचे राहिले नाहीत. पुढच्या वर्षी वाईला टॅक्सीने जाऊ." आणि त्यांनी आपली हत्यारांची पेटी माझ्या खोलीत आणून ठेवली.

ज्या माणसाने चाळीस वर्षे त्या पेटीला दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही, त्याने ती आपण होऊन आणून द्यावी! मला ते टॅक्सीपेक्षा जास्त लागले.

सात लाख वेळा

ज्या वाचकांनी जुन्या मोटारीचे बॉनेट कधी उघडलेले नाही, त्यांच्यासाठी हा गॅप म्हणजे काय ते आधी सांगावयास हवे.

पेट्रोलच्या इंजिनात धुराळलेले पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण ठिणगीने पेटवावे लागते. ठिणगी पाडायला हजारो व्होल्ट लागतात आणि बॅटरी तर बाराच व्होल्टची. मधे कॉइल असते. तिच्यात जाड तारेचे थोडे वेढे आणि बारीक तारेचे हजारो वेढे एकाच लोखंडी गाभ्याभोवती दिलेले असतात. जाड तारेतून वीज वाहू द्यायची आणि ऐन वेळी एकदम तोडायची. ती तुटली की बारीक तारेत वीसेक हजार व्होल्टचा धक्का उठतो आणि प्लगच्या फटीतून ठिणगी उडते. सगळे मर्म त्या तोडण्यात आहे. जोडल्याने ठिणगी पडत नाही, तोडल्याने पडते.

हे तोडण्याचे काम पॉइंट करतात. दोन लहानसे धातूचे ठोकळे, त्यांतला एक चौकोनी कॅमच्या धक्क्याने उघडतो आणि स्प्रिंगने मिटतो. शेजारी एक कंडेन्सर असतो. तोडण्याच्या क्षणी पॉइंटांमध्येच जी ठिणगी उडू पाहते, तिला तो गिळतो. नाहीतर पॉइंट जळून जातील.

ही योजना अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग या इंजिनिअराची. १९१० च्या सुमारास ती कॅडिलॅक मोटारींत आली. त्याच्या कंपनीचे नाव 'डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी', आणि आद्याक्षरे जोडून झाले 'डेल्को'. आपल्याकडचे मिस्त्री डिस्ट्रिब्युटरला डेल्को म्हणतात ते यामुळे. नाना पेठेतला पोरगा "डेल्को खोलून बघतो" असे म्हणतो, तेव्हा तो शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका कंपनीचे नाव घेत असतो, आणि हे त्याच्या गावीही नसते.

आता थोडे गणित. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्या घेत असेल, तर सेकंदाला १०० ठिणग्या लागतात. पुण्याहून वाईला दोन तास लागले असे धरले, तर तेवढ्या वेळात ते दोन ठोकळे सात लाखांहून अधिक वेळा उघडतात आणि मिटतात! मग ते जळणार, त्यांना खड्डे पडणार, कॅमवर घासणारी टाच झिजणार आणि गॅप बदलणार, यात नवल ते काय? आमच्या गाडीचा गॅप ०.४५ मिलिमीटरच्या आसपास ठेवायचा असतो. अण्णा दर काही हजार किलोमीटरला कानशीने पॉइंट साफ करीत, फीलरची पट्टी घालीत, ती ना सैल ना घट्ट सरकली की स्क्रू आवळीत आणि मग डोळे मिटून इंजिनाचा आवाज ऐकत. "हं, आता बोलतेय," एवढेच म्हणत.

आगपेटीएवढा वारसदार

हे काम मी शिकायला हवे होते, हे मला मान्य आहे. शिकलो नाही. म्हणून मी दुसरी वाट धरली: पॉइंटांची कटकटच काढून टाकायची आणि जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवायचे.

ही काही नवलाईची वस्तू नव्हे. अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने १९७३ सालापासून आपल्या तिथल्या सर्व मोटारींना ती दिली. पण आमची पद्मिनी १९८५ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडली, ती पॉइंट घेऊनच. जुन्या गाड्यांसाठी आता तयार संच मिळतात. आगपेटीपेक्षा लहान असे एक मॉड्यूल आणि कॅमवर घट्ट बसणारे एक कडे. कड्यात चार लोहचुंबक. चुंबक समोरून गेला की मॉड्यूलला ते कळते आणि आतला ट्रान्झिस्टर कॉइलची वीज तोडतो. चुंबकामुळे विजेवर होणारा जो परिणाम इथे कामी येतो, तो एडविन हॉलने १८७९ साली शोधला. घासणारे काही नाही, झिजणारे काही नाही.

अण्णांना सांगितले. ते पेपरातून डोके वर न काढता म्हणाले, "आणि हे घाटात बिघडले तर कानशीने घासणार का?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. परदेशी जाणाऱ्या एका भाच्याकडून मी संच मागवलाच. इथे पहिली सूचना: संच गाडीच्या नावावरून मागवू नका, डेल्कोच्या अंगावर कोरलेल्या नंबरावरून मागवा. एकाच गाडीत सालागणिक निरनिराळे डेल्को सापडतात. दुसरी सूचना: बॅटरीची कोणती बाजू सांगाड्याला जोडली आहे ते पाहा. आमच्या गाडीत ऋण बाजू आहे. पण जुन्या विलायती गाड्यांत पुष्कळदा धन बाजू असते. तिथे आमचा संच जोडाल, तर तो पहिल्याच क्षणी प्राण सोडील.

मे महिन्यातल्या एका रविवारी मी कामाला लागलो. बॅटरीची तार सोडवली. पहिल्या सिलिंडरची खूण जुळवून रोटरचे तोंड कुणीकडे आहे ते खडूने डेल्कोवर लिहिले. प्लगच्या वायरींना नंबराच्या चिठ्ठ्या बांधल्या. १–३–४–२ हा क्रम एकदा चुकला, की गाडी खोकते पण चालत नाही. मग टोपण काढले, रोटर काढला.

पॉइंट काढण्यापूर्वी सहज म्हणून मी अण्णांची फीलरची पट्टी आत घातली. घाटात बसल्या दिवसापासून डेल्कोला कुणी हात लावला नव्हता, गाडी गल्लीबोळांपलीकडे गेली नव्हती. म्हणजे आत होता तो अण्णांनीच बसवलेला गॅप.

पट्टी ना सैल ना घट्ट सरकली. ०.४५.

मी पुन्हा घालून पाहिली. तेच. खरे म्हणजे तेव्हाच उठून आत जायला हवे होते आणि सांगायला हवे होते, की अण्णा, तुमचा हात चुकलेला नाही. पण संचाला पैसे मोजले होते. डेल्को अर्धा उघडा होता. गॅप बरोबर निघाला, तर ही सारी खटपट कशासाठी, हा प्रश्न आलाच असता. मी पॉइंट काढून कागदात गुंडाळले आणि गप्प बसलो.

पुढचे काम सरळ होते. कंडेन्सर काढला. पाट्यावरचे वंगण आणि काजळी पुसून धातू लख्ख केला, कारण मॉड्यूलला अर्थ तिथूनच मिळतो. पाट्यापासून डेल्कोच्या अंगापर्यंत जाणारी लहानशी अर्थची तार तुटलेली नाही हे पाहिले. मॉड्यूल स्क्रूने बसवले, कडे कॅमवर दाबले, दोहोंत संचाबरोबर आलेल्या प्लास्टिकच्या पट्टीएवढी फट ठेवली. मॉड्यूलच्या दोन तारा रबरी बुचातून बाहेर काढल्या. आत त्या फिरत्या भागाला घासता कामा नयेत. लाल तार कॉइलच्या धन टोकाला, काळी ऋण टोकाला. कॉइलचा रेझिस्टन्स मोजला, तीन ओहम भरला; संचाबरोबरच्या कागदावर हाच आकडा मागितला होता. ज्या गाड्यांत कॉइलच्या वाटेत वेगळा रेझिस्टन्स घातलेला असतो, तिथे लाल तार त्याच्या आधी, किल्लीच्या बाजूला जोडावी लागते. प्लगच्या वायरीही बदलल्या. नुसत्या तांब्याच्या वायरी मॉड्यूलला भ्रम घालतात. आत कार्बन असलेल्या घ्याव्यात.

शेवटी लाल तारेवर वीज किती येते ते पाहिले. तार कॉइलपासून सोडवलेलीच होती. मीटर टेकवले: बारा व्होल्टच्या वर. उत्तम! ही माझी सर्वांत मोठी चूक होती. ती कशी, ते पुढे येईल.

सेल्फ मारला. अर्ध्या फेरीत इंजिन सुरू! स्ट्रोबच्या दिव्याखाली डेल्को किंचित फिरवून टायमिंग लावले. पॉइंट बदलले की ते हलतेच, पुन्हा लावावे लागते. इंजिन शिलाईच्या यंत्रासारखे चालू लागले. सौ. स्वयंपाकघरातून बाहेर येऊन म्हणाली, "गाडी सुरू आहे का?" माझ्या छातीत मूठभर मांस चढले. अण्णा खिडकीत उभे होते. ते काही बोलले नाहीत.

कात्रजची परीक्षा

पुढच्या रविवारी मी अण्णांना आग्रहाने गाडीत बसवले आणि जुन्या कात्रज घाटाकडे निघालो. स्वारगेट गेले, कात्रजचा तलाव गेला. चढ सुरू झाला. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी अशी चढत होती, की मी शीळ घालू लागलो.

शीळ अर्ध्यावरच राहिली. एक झटका बसला, दुसरा बसला आणि इंजिन बटण दाबल्यासारखे गप्प झाले. खंबाटकीला निदान बैलासारखी फुसफुसली तरी होती. इथे तेही नाही.

मी उतरून बॉनेट उघडले आणि त्या आगपेटीकडे पाहत राहिलो. कानशीने घासायला तिच्यात काहीही नव्हते. अण्णांचा प्रश्न मूर्तिमंत समोर उभा होता.

अण्णा मात्र गाडीतून उतरले नाहीत. त्यांनी वाकून डॅशबोर्डाखाली हात घातला आणि बराच वेळ तिथे काहीतरी चाचपत राहिले. मग हाक आली, "अरे, इकडे ये. इथे बोट लाव."

मी बोट लावले आणि पटकन मागे घेतले. काळ्या पट्टीने गुंडाळलेला तारेचा एक सांधा होता. तो चांगलाच तापला होता.

"अण्णा, हे काय आहे?"

"चोर-बटण," ते म्हणाले. "१९९३ साली आपल्या गल्लीतल्या दोन गाड्या चोरीला गेल्या, तेव्हा मी बसवले होते. किल्लीपासून कॉइलकडे जाणारी तार तोडून मधे बटण घातले. सोल्डर करायला वेळ नव्हता, नुसता पीळ दिला आणि पट्टी गुंडाळली. म्हटले, उद्या नीट करू." ते थोडे थांबले. "चोरासाठी लावले आणि सापडलो आपण."

त्या उद्याला तीस वर्षे उलटून गेली होती. तांब्याचा पीळ काळा पडला होता, हिरवट झाला होता. घरी येऊन मी नीट मोजले. या वेळी भार देऊन: मॉड्यूलची काळी तार सोडवली, कॉइलची मधली जाड वायर इंजिनला टेकवून ठेवली, ऋण टोकाला क्षणभर अर्थ दिला आणि धन टोकावर मीटर लावले. बॅटरीपाशी १२.४ व्होल्ट, कॉइलपाशी ९.४. तीन व्होल्ट वाटेतच गळत होते! तीन व्होल्ट आणि तीन अँपियर, म्हणजे नऊ वॉट. शेगडी पेटवावी तसा तो सांधा आतल्या आत तापत होता. आणि तापला की आणखी अडवीत होता.

मग आधी मला बारा व्होल्ट कसे दिसले? कारण तेव्हा तारेतून वीज वाहतच नव्हती. गंजलेल्या नळाला बादली न लावता नुसते बोट लावले, तर पाण्याचा जोर भरपूर वाटतो. बादली लावली की कळते, धार किती बारीक आहे. जुन्या गाडीची वायरिंग तपासायची ती नेहमी भार देऊन. या लेखातून वाचकांनी एवढे एकच वाक्य घरी नेले, तरी माझे काम झाले.

पॉइंट होते तेव्हा वीज कमी पडली, की ठिणगी अशक्त होई आणि गाडी चढावर गुदमरे. गल्लीत सांधा तापत नसे, म्हणून गल्लीत काही कळत नसे. घाटात तासभर उभी राहिली, सांधा निवला आणि गाडी आपोआप सुरू झाली. मॉड्यूलचा स्वभाव वेगळा. त्याला काही एका मर्यादेखाली वीज मिळाली, की ते कामच सोडते. पॉइंटांनी जे सोसून नेले, ते मॉड्यूलने उघडे पाडले, एवढाच फरक.

बाकी राहिलेला हिशेब

दुपारी आम्ही दोघे गाडीपाशी बसलो. जुना पीळ कापून काढला. चोर-बटण काढले. जाड तारेचा नवा तुकडा घातला. टोकांना थिंबल दाबले, वर सोल्डर केले. सोल्डरची कांडी मी धरली होती. पण "अजून तापू दे, अजून, हं आता लाव," हे शब्द अण्णांचे होते. पुन्हा भार देऊन मोजले: कॉइलपाशी बारा.

मीटरचा आकडा त्यांना वाचून दाखवला आणि मग मी सांगून टाकले. "अण्णा, पॉइंट काढले त्या दिवशी मी फीलर घालून पाहिला होता. गॅप बरोबर होता. पंचेचाळीस. तुमचा हात चुकला नव्हता."

ते माझ्याकडे पाहत राहिले. "केव्हा पाहिलास?"

"आठवडा झाला."

"आणि आज सांगतोस?"

मी खाली मान घातली. त्यांना रागावण्याचा पूर्ण अधिकार होता. पण ते हसू लागले. म्हणाले, "म्हणजे हात थरथरत होते तेव्हाचे काम बरोबर निघाले आणि हात धड होते तेव्हाचे चुकले. घाई केली होती ना!" मग गंभीर होऊन म्हणाले, "वर्षभर मी उगीच हातांना दोष देत होतो."

त्यांचा कंप काही गेलेला नाही. तो जाणारा नाही, हे डॉक्टरांनी सांगितले आहे. पण हत्यारांची पेटी त्या संध्याकाळी माझ्या खोलीतून पुन्हा त्यांच्या पलंगाखाली गेली. आता वायरिंगचे एकेक टोक आम्ही दर रविवारी तपासतो. मी बॅटरी पकडतो, ते बोटांनी सांधे चाचपतात. फटीत शिरणारे डोळे त्यांच्यापाशी उरले नाहीत, पण तापलेला सांधा ओळखायला डोळे लागत नाहीत.

मॉड्यूल ठेवायचे की पॉइंट पुन्हा बसवायचे, यावर घरात पुष्कळ चर्चा झाली. मॉड्यूल राहिले. गॅप हलत नाही, थंडीत गाडी चटकन सुरू होते आणि चढावर ओढते, हे अण्णांनीच कबूल केले. फक्त दोन अटी घातल्या. इंजिन बंद असताना किल्ली चालू ठेवून कुणी बसायचे नाही, कारण तशाने कॉइल आणि मॉड्यूल दोन्ही तापून जळू शकतात. आणि जुने पॉइंट, कंडेन्सर, फीलरची पट्टी व कानस बिस्किटाच्या डब्यात घालून डिकीत ठेवायचे. ते पॉइंट डेल्कोत कसे बसवायचे, हे मी आता शिकलो आहे. अण्णांनी तीनदा बसवून घेतले. तिसऱ्यांदा इंजिन सुरू केल्यावर त्यांनी डोळे मिटले, ऐकले आणि म्हणाले, "हं, बोलतेय."

मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली, तेव्हा लोकांनी पेपरांतून हळहळ व्यक्त केली होती. गाड्या हळहळीने चालत नाहीत. सांधे साफ ठेवल्याने चालतात, एवढे मी या वर्षात शिकलो.

दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ घातली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही खंबाटकी चढून आलो. वर पोचल्यावर मी गाडी कडेला घेतली. अण्णांनी डॅशबोर्डाखाली हात घातला, सांधा चाचपला आणि म्हणाले, "गार आहे."

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा भाऊबीज जवळ आलेली असेल. त्या दिवशी खंबाटकीच्या घाटात एखादी जुनी पद्मिनी सावकाश चढताना दिसली, तर कृपा करून मागून हॉर्न वाजवू नका. वाईला आत्या ताट घेऊन बसली आहे आणि या वर्षी आम्ही दिवेलागणीच्या आत पोचणार आहोत.